डेस्कटॉप आवरला तरी पंधरवड्यात पुन्हा भरतो : आमच्या ऑफिसात सापडलेली कारणं आणि इलाज

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. दहा बाय अठराची जागा, चार मशीन, एक स्कॅनर-प्रिंटर आणि कपाटांच्या डोक्यावर छतापर्यंत बॉक्स फाइली. मी इथे रिटर्न भरते. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर टायपिंगच्या क्लासात जेवढं झालं तेवढंच. पण प्रिंटर अडला, नेट गेलं, काही गायब झालं की हाक मलाच येते.

तक्रार सगळ्यांच्या ओळखीची आहे. चारही मशीनचे डेस्कटॉप दिवाळीच्या आधी, ३१ मार्चनंतर आणि कुणी मोठा क्लायंट समोर बसणार असला की आवरले जायचे. पंधरा दिवसांत जैसे थे. सगळ्यात वाईट अवस्था काकांच्या मशीनची. काका म्हणजे आमचे सीनियर, कळव्याहून येतात, लाल वहीपासून टॅलीपर्यंत सगळं पाहिलेले. त्यांच्या एकोणीस इंची मॉनिटरवर मी एकदा मोजले तर १४३ आयकॉन. वॉलपेपरला गणपती. आणि गंमत म्हणजे बाप्पाच्या चेहऱ्यावर एकही आयकॉन नाही. हातावर, पोटावर, मोदकाच्या ताटावर गर्दी, चेहरा मात्र मोकळा. नवीन फाइल तिथे येऊन पडली की काका ती माउसने धरून बाजूला नेऊन ठेवायचे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडलं.

मोजायची वेळ आली ती एका महिन्याच्या २० तारखेला. मासिक रिटर्नवाल्यांची जीएसटीआर-३बी त्या दिवशी जायला लागते. संध्याकाळी सव्वासात, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपची ३बी बाकी, मालकांचा दर दहा मिनिटांनी फोन. चलन भरलेलं होतं, त्याची पीडीएफ काकांनी "इथेच समोर" ठेवली होती. समोर होत्या त्या फाइली अशा : चलन, चलन १, चलन नवीन, चलन फायनल, चलन फायनल खरं. शेवटची उघडली तर ती मार्चची. आम्ही दोघं स्क्रीनला नाक लावून बसलो. हवं ते चलन मोदकाच्या ताटापाशी सापडलं, डाउनलोड होताना पोर्टलने दिलेल्या लांबलचक आकडी नावासकट, कारण त्याला नाव द्यायला कुणालाच वेळ झाला नव्हता. उशीर झाला असता तर लेट फी दिवसाला ५० रुपये, म्हणजे रक्कम काही मोठी नाही. पण क्लायंटला सांगणार काय, चलन बाप्पाच्या मोदकाखाली होतं?

जे करून पाहिलं आणि फसलं

पहिला उपाय सगळेच करतात : डेस्कटॉपवरच एक फोल्डर काढायचा आणि सगळं उचलून त्यात कोंबायचं. काकांच्या मशीनवर "जुना डेस्कटॉप" होता, त्याच्या आत "डेस्कटॉप आवरलेला" आणि त्याच्याही आत "इतर". त्या "इतर"मध्ये २०१९ ची बँक स्टेटमेंट निघाली. यात आपण फार वेंधळे आहोत असं वाटून घेऊ नका. विंडोज एक्सपीमध्ये दर ६० दिवसांनी एक विझार्ड उगवायचा, न वापरलेले शॉर्टकट गोळा करू का विचारायचा, आणि हो म्हटलं की ते सगळे एका फोल्डरात टाकून तो फोल्डर डेस्कटॉपवरच ठेवायचा. मायक्रोसॉफ्टलाही तेव्हा याहून वेगळं सुचलं नव्हतं.

दुसरा उपाय मी केला तो झटपट होता. डेस्कटॉपवर राइट क्लिक, व्ह्यू, आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वरची खूण काढली. स्क्रीन लख्ख. मी खूश होऊन चहा सांगायला खाली गेले. वर येईपर्यंत काका खुर्चीतून उठून उभे होते आणि सरांना सांगत होते की मशीन फॉरमॅट झालं. फाइली कुठेही गेलेल्या नसतात, फक्त दिसत नाहीत. उलट, कधी तुमचे सगळे आयकॉन एकाएकी गायब झाले तर घाबरण्याआधी हीच खूण तपासा, बऱ्याचदा चुकून निघालेली असते. क्लायंट समोर बसलेला असताना किंवा मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना हे बटण झकास आहे. रोजचा इलाज म्हणून कुचकामी, कारण झाकलेल्या ढिगात भर पडतच राहते.

तिसरा उपाय सरांचा : "दर शनिवारी सगळ्यांनी अर्धा तास आवरायचं." दोन शनिवार चाललं.

घरी ओटा कितीही पुसा, बाजारातून आलेली पिशवी टेकवायला दुसरी जागाच नसेल तर ती ओट्यावरच येणार. इथेही तेच होत होतं. आम्ही पुसत होतो, पिशव्या येतच होत्या.

आधी आठ दिवस नुसतं बघा

म्हणून एकदाचं सगळं उचलून डी ड्राइव्हवर नेलं (यावेळी डेस्कटॉपवर नाही), आणि आठ दिवस काहीही न आवरता नुसती नजर ठेवली की नवीन काय येतंय. डेस्कटॉप हा शेवटी एक साधा फोल्डरच आहे. फाइल एक्स्प्लोररमध्ये डाव्या बाजूला 'डेस्कटॉप'वर क्लिक करा, व्ह्यू 'डीटेल्स' ठेवा, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'डेट क्रिएटेड' हा रकाना घ्या आणि त्यावर क्लिक करा. नवीन ते वर येतं. मग प्रत्येक फाइलपुढे एका कागदावर लिहायचं : ही कुठून आली?

आमचा कागद भरला तेव्हा कळलं की माणसाने जाणूनबुजून डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली निम्म्यासुद्धा नव्हत्या. बाकीच्या आपोआप येत होत्या. स्कॅनर, ब्राउझर, व्हॉट्सॲप आणि पुन्हा पुन्हा उगवणारे शॉर्टकट. तुमचा कागद वेगळा निघेल. डिझाइनिंगवाल्याकडे स्क्रीनशॉटच निम्मे असतात, मॅकवर तर जास्तच, कारण तिथे स्क्रीनशॉट मुळात डेस्कटॉपवरच पडतात. (मॅकवाल्यांनी कमांड, शिफ्ट आणि ५ दाबून 'ऑप्शन्स'मध्ये दुसरी जागा द्यावी. राइट क्लिक करून 'यूज स्टॅक्स' हेही चांगलं आहे, २०१८ च्या मोहावेपासून आलेलं.)

आवक नावाचा फोल्डर

आमच्याकडे अजून आवक-जावक नोंदवही आहे. डिपार्टमेंटची नोटीस आली की तिच्यावर शिक्का, तारीख, नंबर. मग मशीनवरच आवक का नसावी? डी ड्राइव्हवर "आवक" नावाचा फोल्डर काढला आणि सगळ्यांना तिकडे वळवलं.

ब्राउझर सोपा. क्रोममध्ये सेटिंग्ज, डाउनलोड्स, तिथे 'लोकेशन' बदलून आवक दिलं. खाली 'आस्क व्हेअर टू सेव्ह ईच फाइल' असं एक बटण असतं, ते सुरू करा असं बरेच जण सांगतात. आमच्या मशीनवर तेच सुरू होतं आणि तेच भोवत होतं. ते बटण चालू असलं की दर वेळी खिडकी उघडते, तिथे मागच्या वेळचा फोल्डर, म्हणजे डेस्कटॉप, आधीच निवडलेला असतो, आणि घाईत माणूस एंटर मारतो. मी ते बंद केलं. न विचारता आवकमध्ये पडू दे.

स्कॅनरने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. मशीनच्या पॅनलवरचं बटण दाबून स्कॅन केलं की एक जागा, कॉम्प्युटरवरच्या त्याच्या सॉफ्टवेअरमधून केलं की दुसरी. दोन्हीकडची सेटिंग वेगळी. सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्ह टू' किंवा 'डेस्टिनेशन' असं काहीतरी असतं ते प्रत्येक प्रकारासाठी, म्हणजे फोटो, डॉक्युमेंट, पीडीएफ, स्वतंत्रपणे बदलावं लागलं. एका ठिकाणी बदलून सुटलो असं समजू नका, प्रत्येक प्रकाराने एक-एक पान स्कॅन करून कुठे पडतं ते बघा.

व्हॉट्सॲपवरून क्लायंट पॅन, आधार, बिलांचे फोटो पाठवतात आणि आम्ही ते धरून डेस्कटॉपवर ओढायचो, कारण ओढणं सोपं. इथे सेटिंग बदलून भागत नाही, हाताची सवय बदलावी लागते. त्यावर एकच युक्ती चालली : आवक फोल्डरवर राइट क्लिक करून 'पिन टू क्विक ॲक्सेस' केलं. मग 'सेव्ह ॲज' म्हटलं की कुठल्याही खिडकीत डावीकडे आवक दिसतं. एक क्लिक. डेस्कटॉपइतकंच सोपं झालं तेव्हा कुठे लोक तिकडे वळले.

कुणी म्हणेल, मग ढीग डेस्कटॉपवरून आवकमध्ये गेला, एवढंच ना? हो. पण आवक ही यादी आहे. तारखेने लावता येते, प्रकाराने लावता येते, नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली की फाइल समोर. डेस्कटॉपवर तारखेचा रकाना दिसत नाही, आणि उघड्या खिडक्यांच्या मागे तो निम्मा वेळ झाकलेलाच असतो. शिवाय संध्याकाळी निघण्याआधी आवक रिकामं करून क्लायंटच्या नावाच्या फोल्डरात टाकायचं काम आमची नवीन मुलगी करते. आत फक्त आर्थिक वर्ष आणि महिना, याहून खोल नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावाने लावल्या तरी तारखेच्याच क्रमाने उभ्या राहतात. दहा मिनिटांचं काम आहे. ११ आणि २० या रिटर्नच्या तारखांना वीस.

डिलीट केलेले आयकॉन परत येतात तेव्हा

हा भाग मला सगळ्यात चक्रावून गेला. तीन वेगवेगळे रोग होते आणि लक्षण एकच.

पहिला : पीडीएफ वाचायच्या एका सॉफ्टवेअरचा शॉर्टकट. डिलीट करताना ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागायचा, देऊन काढला की काही आठवड्यांनी पुन्हा हजर. कारण असं की तुमच्या डेस्कटॉपवर जे दिसतं ते दोन फोल्डरांतून येतं. एक तुमच्या युजरचा, दुसरा सगळ्या युजरांसाठीचा सामाईक. तो सी ड्राइव्हवर युजर्सच्या आत पब्लिकमध्ये लपलेला असतो, फाइल एक्स्प्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' सुरू केल्याशिवाय दिसत नाही. परवानगी मागणारे आयकॉन या सामाईक फोल्डरातले. काही सॉफ्टवेअरं अपडेट होताना आपला शॉर्टकट तिथे नव्याने ठेवतात. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो थांबवायची सोय असली तर थांबवा, नसली तर अपडेटनंतर एकदा काढून टाका आणि विसरा. महिन्यातून एक आयकॉन ही काही समस्या नाही.

इथे माझी एक चूक सांगते. 'हिडन आयटम्स' मी सुरू केलं आणि तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी डेस्कटॉपवर पुसट पुसट फाइली. एक्सेल किंवा वर्ड उघडलं की नावापुढे विचित्र चिन्हं लावलेली सावलीसारखी एक फाइल यायची, बंद केलं की जायची. ती त्या उघड्या फाइलची कुलूप-फाइल असते, एरवी लपलेली. 'हिडन आयटम्स' बंद केलं की या दिसेनाशा होतात. आणि 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाच्या दोन फाइली दिसत असतील, त्याही अगदी जुळ्या, तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'वरची खूण कुणीतरी काढली आहे. दोन का, तर वर सांगितलेले दोन फोल्डर, प्रत्येकाची एक. डिलीट करत बसू नका, ती खूण परत लावा.

दुसरा रोग सरांच्या मशीनवर. सरांचं नवीन विंडोज ११ मशीन आणि घरचा लॅपटॉप, दोन्हीवर एकच मायक्रोसॉफ्ट अकाउंट. ऑफिसातला डेस्कटॉप रोज आवरावा आणि सकाळी त्यावर घरच्या लॅपटॉपवरचे खेळाचे शॉर्टकट, ब्राउझरच्या शॉर्टकटची 'कॉपी' लिहिलेली जुळी भावंडं. हे वनड्राइव्हच्या बॅकअपमुळे. तो सुरू असला की डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हमध्ये जातो आणि दोन्ही मशीनचा डेस्कटॉप एकच होतो. फुकटच्या अकाउंटला जागा ५ जीबी, ती स्कॅन केलेल्या पानांनी कधीच भरली होती, म्हणून 'जागा संपली'चे इशारे वेगळेच. घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक, चाकाचं चिन्ह, सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप', तिथे डेस्कटॉपपुढचं बटण बंद केलं.

सावधान : हे बंद केल्यावर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसू शकतो. फाइली वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉप नावाच्या फोल्डरात असतात, तिथून हलवून घ्यायच्या. आणि बॅकअप बंद केलात म्हणजे आता त्या फाइलींची दुसरी प्रत कुठेच नाही, हे ध्यानात ठेवा. आम्ही दर शुक्रवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर क्लायंटचे फोल्डर घेतो. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो आणि फॉरमॅट करणारा माणूस सी ड्राइव्ह पुसतो, एवढं एकच कारण डेस्कटॉपवर काम न ठेवायला पुरेसं आहे.

तिसरा रोग क्षुल्लक पण चीड आणणारा : 'लर्न अबाउट धिस पिक्चर' नावाचा आयकॉन, ज्याला डिलीटच नाही. तो रोज बदलणाऱ्या स्पॉटलाइट वॉलपेपरबरोबर येतो. पर्सनलायझेशनमध्ये बॅकग्राउंडला 'पिक्चर' किंवा 'सॉलिड कलर' निवडा, आयकॉन जातो.

कोपऱ्यातून उड्या मारणारं

आयकॉन निदान स्वस्थ बसतात. लक्ष खरं उडतं ते हलणाऱ्या गोष्टींनी.

आमच्या नव्या मुलीच्या मशीनवर उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी लाल पाटी यायची : तुमच्या संगणकात पाच व्हायरस, ताबडतोब साफ करा. आधी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं, त्याने मशीन नेऊन फॉरमॅट करून आणलं, आणि नेहमीच्या साइट पुन्हा उघडायला लागल्यावर दोन दिवसांत पाटी परत. नीट बघितलं तर पाटीवर बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि खाली कुठल्यातरी साइटचा पत्ता होता. व्हायरस नव्हताच. कधीतरी एका पानाने "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" म्हटलं होतं आणि तिने दाबलं होतं. तेव्हापासून ती साइट ब्राउझरमार्फत वाटेल ते ओरडत होती. क्रोममध्ये सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसते. अनोळखी सगळ्या तीन टिंबांवरून काढून टाका आणि वर 'साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' अशा अर्थाचा पर्याय निवडा, म्हणजे पुढे कुणी विचारणारच नाही. त्या पाटीवर मात्र क्लिक करू नका, बंद करायलाही शक्यतो नाही.

विंडोज ११ मध्ये खाली डाव्या कोपऱ्यात हवामानाचं चिन्ह असतं, माउस नुसता त्यावरून गेला की निम्मी स्क्रीन बातम्यांनी भरते. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, 'विजेट्स' बंद. सर्च बॉक्सही तिथेच 'हाइड' करा. विंडोज की दाबून टाइप करायला लागलं की शोध होतोच.

व्हॉट्सॲप बंद ठेवणं आम्हाला परवडत नाही, क्लायंटची निम्मी कागदपत्रं त्यावरच येतात. पण समोर एक क्लायंट बसलेला आणि कोपऱ्यात दुसऱ्याचा मेसेज, "मॅडम, कॅशमधले साडेतीन लाख दाखवायचे का?" असं एकदा झालं. त्या दिवशी सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्समध्ये जाऊन व्हॉट्सॲपच्या नावापुढे 'शो नोटिफिकेशन बॅनर्स'ची खूण काढली. मेसेज घड्याळापाशी क्लिक केलं की दिसतात, उडी मारून येत नाहीत. त्याच पानाच्या तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज' असतं, तिथल्या सूचना आणि टिपांच्या खुणाही काढा, विंडोज स्वतःची जाहिरात करायचं थांबतं.

रिटर्न भरताना मी घड्याळावर क्लिक करून कॅलेंडरच्या खालचं 'फोकस' ३० मिनिटं लावते. तेवढ्या वेळात टास्कबारवरचं लुकलुकणंही थांबतं. विंडोज १० वर याची बहीण 'फोकस असिस्ट' आहे. आमच्याकडे एका मशीनवर अजून १० आहे, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला, म्हणून त्याचं नेट काढून ते जुन्या टॅली डेटापुरतं ठेवलंय. त्याच्या डेस्कटॉपवर आता दोन आयकॉन आहेत. ऑफिसातला सगळ्यात नीटनेटका डेस्कटॉप तोच, कारण तिथे कुणी जातच नाही.

उघड्या खिडक्यांची गर्दी हा वेगळा विषय, पण एकच सांगते. विंडोज, कंट्रोल आणि डी एकदम दाबलं की दुसरा मोकळा डेस्कटॉप उघडतो. एकावर पोर्टल आणि एक्सेल, दुसऱ्यावर मेल आणि व्हॉट्सॲप. विंडोज, कंट्रोल आणि डावा-उजवा बाण यांनी इकडून तिकडे. आयकॉन मात्र दोन्हीकडे तेच दिसतात, त्यामुळे याने पसारा कमी होईल अशी आशा धरू नका.

आणि आयकॉन जास्त म्हणून मशीन स्लो, असं जे ठणकावून सांगतात त्यांना आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधली 'स्टार्टअप ॲप्स'ची यादी दाखवा.

काकांचा प्रश्न

एवढं सगळं करूनही काकांच्या डेस्कटॉपवर रोज पाच-सहा फाइली यायच्याच, आणि त्या आपोआप येत नव्हत्या. काका आवकमधून उचलून त्या मुद्दाम डेस्कटॉपवर आणत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, फाइल डोळ्यासमोर असली की काम लक्षात राहतं. फोल्डरात गेली की मेली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर बोलत होते. त्यांच्यासाठी त्या फाइली कामांची यादी होत्या. यादी काढून घेतली तर ती दुसरीकडून उगवणारच. स्टिकी नोट्स लावून दिल्या तर चार दिवसांत बाप्पा पिवळ्या चौकोनांनी झाकला गेला, ते काढलं. शेवटी जुनाच मार्ग : काकांच्या टेबलावर ऑफिसची डायरी असतेच, रोज सकाळी त्यात क्लायंटचं नाव आणि काय बाकी ते लिहायचं, झालं की रेघ. फाइल आवकमध्ये किंवा क्लायंटच्या फोल्डरात. डेस्कटॉपवर फाइल नको, हवा तर त्या क्लायंटच्या फोल्डरचा शॉर्टकट, आणि तोही रेघ मारली की काढायचा. शॉर्टकट उडवला तर मूळ फाइलला धक्का लागत नाही, हे काकांना दोनदा करून दाखवावं लागलं.

मग वॉलपेपर. बाप्पाच्या चेहऱ्यावर काका काही ठेवत नाहीत हे मला आधीपासून दिसत होतं. म्हणून त्यांच्याच फोटोंपैकी एक निवडला, गावदेवी मैदानाजवळच्या मांडवातला, ज्यात मूर्तीचा चेहराच जवळजवळ पूर्ण स्क्रीन व्यापतो. डावीकडे बोटभर पडद्याची पट्टी उरते, तिथे आयकॉनची एक ओळ बसते. राइट क्लिक, व्ह्यू, 'ऑटो अरेंज' सुरू केलं, म्हणजे जे येईल ते डावीकडूनच रांगेत लागेल आणि दुसरी रांग सुरू झाली की थेट बाप्पाच्या कानाला लागेल. काका म्हणाले, "हे बरं केलंस, पण मुद्दाम केलंस."

एक ओळ म्हणजे नऊ आयकॉन. गेले पाच-सहा महिने तेवढेच आहेत.

मध्ये एकदा स्कॅनरचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकावं लागलं. त्याचा सेव्ह करायचा पत्ता पहिल्यासारखा डेस्कटॉप झाला हे माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या टेबलावर डबा खात होते, तर बाहेरून काकांची हाक : "अगं ए, तुझा स्कॅनर परत सुटलाय बघ."